कमला खानचं चित्र मीच पुसायला लावलं

गेल्या पावसाळ्यात माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीला मी तिचं चित्र इंटरनेटवरून काढून टाकायला लावलं. चित्र कमला खानचं होतं. मार्व्हलवाल्यांची सुपरहिरो, मिस मार्व्हल. पण पोरीने तिला अमेरिकन पोशाख घातलाच नव्हता. आमच्या शाळेची पांढरी सलवार, निळा कुर्ता, खांद्यावर पिन लावलेली ओढणी, आणि मागे सोलापूरच्या एका गल्लीतल्या वायरींचं जाळं. मूठ मात्र कमलाचीच, घराएवढी मोठी. खाली तिने सतरा-अठरा ओळी लिहिल्या होत्या, अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत, सगळ्या रोमन लिपीत. मुद्दा साधा होता. आपल्या पिच्चरमध्ये मुसलमान दिसला की एक तर तो सुरमा लावून मांस फाडत असतो किंवा मित्रासाठी छातीवर गोळी घेत असतो. गणिताच्या पेपरला घाबरणारी मुसलमान मुलगी का दिसत नाही?

तिच्या एका नातेवाइकाने ते बघितलं, वडिलांना सांगितलं, वडील शाळेत आले. स्टाफरूममध्ये चार शिक्षक बसले होते. एकाने तस्वीर हराम असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने दिवस वाईट असल्याचं, तिसऱ्याने दहावी जवळ आल्याचं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी तिची वर्गशिक्षिका. मी म्हणाले, "बेटा, डिलीट कर. सध्या नको."

तिने माझ्यासमोर वडिलांच्या मोबाइलवर ते काढलं. एक शब्द बोलली नाही.

त्या दिवसापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे. तो आमच्याच लोकांविरुद्ध आहे आणि त्यात मी स्वतःही आले. स्टाफरूममधले ते तीनही मुद्दे आपल्या घराघरांत रोज ऐकू येतात. त्यांना उत्तर द्यायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आता देते.

आधी हराम-हलालचा मुद्दा. मी आलिमा नाही, बीएड झालेली मास्तरीण आहे, त्यामुळे फतवा देत नाही. सजीवांच्या चित्रांविषयी हदीस आहेत, हे मला माहीत आहे. पण बुखारी शरीफमध्येच हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची रिवायत आहे आणि अबू दाऊदमध्ये त्यांच्या पंखवाल्या घोड्याची. पैगंबर (स.) तो पंखवाला घोडा बघून हसले होते. या विषयावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि शेकडो वर्षं आहेत. कॅमेऱ्याच्या फोटोविरुद्धही एके काळी फतवे निघाले होते. आज हजला जायचं तर पासपोर्टवर फोटो लागतो, आणि ज्या जमातीत फोटोला विरोध होता त्यातलेच वक्ते यूट्यूबवर तासतासभर दिसतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते याचं, की ही सवलत दाढीवाल्या मौलानासाहेबांच्या व्हिडिओला मिळते, लग्नाच्या अल्बमला मिळते, नगरसेवकाच्या ईद मुबारकच्या फ्लेक्सला मिळते, आणि मसला अचानक आठवतो तो चौदा वर्षांच्या पोरीच्या वहीपाशी. चित्राला खरोखरच दीनी आधारावर विरोध करणाऱ्या माणसाचा मी आदर करते, पण त्याने आधी आपल्या चौकातला फ्लेक्स उतरवावा.

आणि तस्वीर हरामच असेल तर मुलं रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर काय करतात? माझ्या वर्गातले निम्मे मुलगे बंदुका घेऊन एका बेटावर उतरलेले असतात. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. तरी नाव बदलून, वेगळ्या वाटेने खेळ चालूच आहेत. मुलगे त्या खेळांवर व्हिडिओ करतात, कुठली बंदूक चांगली यावर मतं देतात, जिंकल्याचे स्क्रीनशॉट स्टेटसला लावतात. त्यांच्यासाठी कोणाचेही वडील शाळेत आलेले मी पाहिलेले नाहीत. उलट एका घरी मला अभिमानाने सांगितलं गेलं, "टीचर, हमारा लडका गेम में नंबर वन है." मुलीने पेन्सिल उचलली की मात्र खानदानाची इज्जत आडवी येते. बहुतेक वेळा हा वाद चित्राचा नसतोच. मुलीचं नाव चार लोकांसमोर गेलं, याचा असतो. तसं सरळ म्हणा. दीनच्या आड लपू नका.

आता गंमत बघा. त्या पोरीने निवडलेली कमला खान ही स्वतःच एक चाहती आहे. २०१४ साली तिचं स्वतंत्र कॉमिक सुरू झालं, तेव्हा पहिल्या अंकातच ती काय करते? अॅव्हेंजर्सवर स्वतः गोष्टी लिहून इंटरनेटवर टाकते आणि किती लोकांना आवडल्या ते मोजते. जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईबापांची पोर. तिची संपादक सना अमानत न्यू जर्सीतच वाढलेली पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, लेखिका जी. विलो विल्सन ही इस्लाम स्वीकारलेली अमेरिकन बाई. त्या कॉमिकच्या पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये त्यावर मालिका आली. तिच्यात कमला झालेली इमान वेलानी कराचीत जन्मलेली आणि कॅनडात वाढलेली. ही भूमिका मिळाली तेव्हा ती शाळेचं शेवटचं वर्ष संपवत होती आणि आधीपासून याच कॉमिकची वेडी होती. पुढे २०२३ मध्ये तिने मिस मार्व्हलचं कॉमिक सहलेखिका म्हणून लिहिलंसुद्धा. म्हणजे चाहतीच्या गोष्टीची चाहती, आणि शेवटी तीच लेखिका. आमच्या स्टाफरूममध्ये ती असती तर तिलाही आम्ही "सध्या नको" म्हणालो असतो.

मालिका मी नंतर बघितली, अपराधी वाटून. मला वाटलं होतं, मारामारी असेल. तर त्यात मशिदीतल्या बायकांच्या बाजूची पडझड आहे, चोरीला गेलेल्या चपला आहेत (त्या सोलापुरातही जातात), आणि हिजाब घालणारी कमलाची मैत्रीण नाकिया, जी हे सगळं बघून सरळ मशिदीच्या कमिटीची निवडणूक लढवते. फाळणी आहे, आजी आहे, आणि शाहरुखचं नावसुद्धा निघतं. शेवटचे भाग मला पसरट वाटले, खलनायकांना काही धड कारणच नाही. पण त्या नाकियाच्या निवडणुकीवर आमच्या महिला इज्तेमात अर्धा तास बोलता येईल. माझ्या विद्यार्थिनीला ते दिसलं होतं, मला तिच्यामुळे दिसलं.

कुणी म्हणेल, एका कार्टूनचं काय एवढं कौतुक. जानेवारी २०१५ मधली गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांवर इस्लामला नाझींशी जोडणाऱ्या जाहिराती लागल्या होत्या. पैसे भरून लावलेल्या, कायद्याने काढता येत नव्हत्या. काही लोकांनी त्यांच्यावर कमला खानची चित्रं आणि द्वेषाविरुद्धचे मजकूर चिकटवले. ना दगड, ना बंद, ना निवेदन. निवेदनांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कलेक्टर कचेरीबाहेरचा फोटो दुसऱ्या दिवशी उर्दू पेपरात येतो आणि संपतं. त्या बसवरची चित्रं मात्र जगभर गेली. आता, दुसऱ्याच्या पैशाने लावलेल्या जाहिरातीवर काही चिकटवावं की नाही, यावर वाद होऊ शकतो आणि मी मुलांना तसं करायला सांगणार नाही. पण प्रतिमेला प्रतिमेने उत्तर देता येतं, हे त्यांनी दाखवलं. आमच्याकडे उत्तर देऊ शकणारा हात आम्हीच घरात बसवतो, आणि मग सिनेमावाले आपल्याला असं का दाखवतात म्हणून वर्षभर कुढत राहतो.

दुसरा मुद्दा दिवस वाईट असल्याचा. इथे मी हात झटकणार नाही, कारण ही भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद, सगळं झालं. २०२५ च्या मार्चमध्ये नागपूर पेटलं, तेव्हा 'छावा' सिनेमामुळे लोकांच्या भावना उफाळून आल्याचं मुख्यमंत्री विधानसभेत बोलले. म्हणजे सिनेमाविषयीचं मत ही आपल्या राज्यात आता साधी गोष्ट राहिलेली नाही. मुसलमान मुलाने सिनेमा आवडला म्हटलं तर ढोंगी, नाही आवडला म्हटलं तर गद्दार. गेम खेळतानासुद्धा हेडफोनवर नाव ऐकलं की समोरचा कुठल्या देशात जायला सांगतो, हे माझ्या वर्गातला प्रत्येक मुलगा तुम्हाला सांगेल. हसत सांगतो, हे अधिक वाईट.

ही परिस्थिती ज्यांनी आणली त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते या ब्लॉगवर मी पूर्वी लिहिलं आहे. जो समाज 'पद्मावत' प्रदर्शित व्हायच्या आधी, एक फ्रेमही न बघता थिएटरं फोडणाऱ्यांच्या भावना समजून घेतो, त्याला नववीतल्या पोरीचा परिच्छेद झेपत नाही, ही लाज त्या समाजाची आहे. एवढं सांगून मी पुन्हा आपल्याकडे वळते.

कारण पालघरची गोष्ट तिथे संपत नाही. त्या मुलींवरचा खटला टिकला नाही. त्याच अटकेमुळे एक कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ न्यायालयाने पूर्णच रद्द केलं. आपण मुलींना या गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगतो. दुसरा सांगतच नाही. मी स्वतः दहा वर्षांत एकदाही वर्गात सांगितला नव्हता.

आणि भीतीचा सल्ला कसा द्यायचा, यातही फरक आहे. रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून आपण पोराला घरात कोंडत नाही, रस्ता ओलांडायला शिकवतो. तिला शिकवायला हवं होतं की स्वतःचा फोटो टाकू नकोस, शाळेचं नाव टाकू नकोस, गणवेश ओळखू येईल असा काढू नकोस (तो मुद्दा खरोखरच चुकला होता), चित्राच्या कोपऱ्यात सही कर म्हणजे कुणी चोरणार नाही, शिवी देणाऱ्याला उत्तर न देता ब्लॉक कर, कुणाच्या देवाधर्माची, कुणाच्या राजाची टिंगल करू नकोस, आणि काही विचित्र मेसेज आला तर रात्रीच मला फोन कर. दहा मिनिटांचं काम. स्टाफरूममध्ये आम्ही पाऊण तास बसलो होतो.

इथे मकबूल फिदा हुसेन यांचं नाव येणारच. त्या दिवशीही एका सरांनी घेतलं: "हुसेन का क्या हुआ, देखा ना?" बघितलं. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा माणूस, जन्म १९१५ चा. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं. पद्म पुरस्कार मिळाले, जगभर नाव झालं, आणि पंच्याहत्तरी ओलांडल्यावर हा बुजुर्ग माधुरी दीक्षितचा असा चाहता झाला की तिचा एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघत राहिला, तिची चित्रं काढत राहिला, तिच्यासाठी 'गजगामिनी' नावाचा सिनेमाच काढला. आजची मुलं ज्याला फॅन आर्ट म्हणतात ते आणखी काय असतं? मग देवतांच्या चित्रांवरून खटले, हल्ले. २००६ मध्ये देश सोडला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व, २०११ मध्ये लंडनमध्ये मृत्यू. हे सगळं खरं आहे. पण सरांनी जे सांगितलं नाही तेही खरं आहे. २००४ मध्ये हुसेन यांचा 'मीनाक्षी' सिनेमा आला, तेव्हा त्यातल्या एका कव्वालीतले शब्द कुरआनातले आहेत म्हणून आपल्याच संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी तो सिनेमा थिएटरांतून काढून घेतला. त्या वेळी दुसऱ्या बाजूचा कुणी आलाच नव्हता. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून त्या म्हाताऱ्याला एकटं पाडलं. त्यामुळे हुसेनचं उदाहरण देऊन मुलींना गप्प करायचा हक्क आपल्याला तरी नाही.

तिसरा मुद्दा, अभ्यासाचा. हा माझ्या धंद्याचा विषय आहे, म्हणून यात मी जरा जोरात बोलते. त्याच मुलीचा 'माझा आवडता सण' हा मराठी निबंध माझ्याकडे आहे. नऊ ओळी, गाईडमधून उतरवलेल्या. ईदवर लिहिताना तिने 'सर्व लोक नवीन कपडे घालतात' लिहिलंय आणि शिरखुर्म्याचं नावही नाही, कारण गाईडवाल्याला ते माहीत नव्हतं. आणि मोबाइलवर न सांगता, न मार्क मिळता तिने सतरा-अठरा ओळी लिहिल्या, त्यात मत होतं, उदाहरण होतं, उलट प्रश्न होता. बीएडला आम्हाला अभिव्यक्ती, रसग्रहण, सर्जनशीलता असले शब्द पाठ करायला लावले होते. ते सगळं समोर चालून आलं आणि मी म्हटलं डिलीट कर. स्पेलिंग रोमन होतं, म्हणून आमच्या उर्दूवाल्या सरांना दुःख झालं. मलाही होतं. पण जी पोर रोमनमध्ये भांडते तिला नस्तालीकमध्ये आणि देवनागरीत भांडायला शिकवणं सोपं असतं. जिला भांडायचंच नाही तिला कुठलीही लिपी द्या.

आणि आपण स्वतः काय केलं होतं? माझी खाला 'शमा' मासिक घ्यायची. त्यातले मुअम्मे सोडवायला घरातले पुरुष बसायचे आणि वाचकांची पत्रं बायका वाचायच्या, कुठली हिरोईन चांगली यावरून चुली पेटायच्या राहायच्या. सिलोनवर बिनाका लागलं की मोहल्ल्यात शांतता, आणि पहिल्या नंबरवर चुकीचं गाणं आलं की सायानीसाहेबांना पत्र. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया' आला तेव्हा माझ्या भूगोलाच्या वहीला आतून शाहरुखचं कव्हर होतं आणि मागच्या पानावर मी त्याचं नाक चार वेळा काढलं होतं, चारही वेळा चुकलं होतं. वही आईला सापडली. तिने एक थप्पड दिली आणि म्हणाली, "नाक तो सुधार." त्या थपडेत आणि आमच्या "डिलीट कर"मध्ये मला फार अंतर दिसतं. आईने नाकावर मत दिलं होतं.

इंटरनेटवर सगळी चाहत्यांची मंडळी सज्जन आहेत, असं माझं म्हणणं नाही. हिरोंचे भक्त एकमेकांच्या आयाबहिणी काढतात. मिस मार्व्हल मालिकेला तर लोकांनी न बघताच एकएक स्टार देऊन पाडायचा प्रयत्न केला. दुसऱ्याचं चित्र उचलून सही पुसून आपलं म्हणणारे आहेत. २०२५ मध्ये सगळे जण यंत्राकडून आपले फोटो जपानी जिबली स्टुडिओच्या चित्रांसारखे करून घेऊ लागले, तेव्हापासून हाताने काढणाऱ्या पोरांना "अॅपने किया क्या?" असं विचारतात, तो अपमान मला शिवीपेक्षा मोठा वाटतो. पण या सगळ्या घाणीतही आमची मुलं आधीच उभी आहेत, बघणारी म्हणून, शिव्या ऐकणारी म्हणून. आपण त्यांना फक्त बोलायला मनाई केलेली आहे.

ऑगस्टमध्ये मी त्या मुलीच्या घरी गेले. वडील कामावर होते. आईने चहा केला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "टीचर, उसने ड्रॉइंग छोड दी." मी मुलीची माफी मागितली. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "चलता टीचर." मी म्हटलं, चालत नाही. मग तिने विचारलं की आता पुन्हा टाकू का, आणि मी वडिलांशी बोलते म्हटलं. दोनदा बोलले. अजून त्यांचा नकार आहे, पण दुसऱ्या वेळी त्यांनी मला ते चित्र नीट दाखवायला सांगितलं. त्यांनी ते धड बघितलंच नव्हतं. माझ्याकडे ते नव्हतं, कारण मीच काढायला लावलं होतं.

तोवर शाळेच्या जिन्याजवळची भिंत मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली आहे. पिच्चर आणि गेमवरची चित्रं, मतं, काहीही, नावासकट किंवा नावाशिवाय. पहिल्या आठवड्यात एकही कागद आला नाही. म्हणून मीच 'दिलवाले दुल्हनिया'वर दोन पानं लिहून लावली, उर्दूत, आणि सिमरनने शेवटी गाडीत चढायलाच नको होतं असं लिहिलं. सोमवारी येऊन बघते तर समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: "टीचर, तुमकू पिच्चर समझाच नै." शेजारी सिमरनचं चित्र होतं, धावणारं. नाक बरोबर होतं.